दोन इंच उंच

मनुष्याने वाहनाकडे कसे पाहावे याचे एक अलिखित शास्त्र आहे, आणि त्यात पहिला मान यंत्राला, दुसरा रंगाला व तिसरा, ज्याच्या खिशातून पैसा जायचा असतो त्याच्या दृष्टीने, पेट्रोलच्या हिशेबाला मिळतो. परंतु ज्या दोन पोलादी नळ्या हँडलाखालून पुढच्या चाकापर्यंत तिरप्या उतरतात, प्रत्येक खड्ड्याचा प्रथम आघात ज्यांच्या वाट्याला येतो, आणि स्वाराच्या मनात वळण्याची इच्छा उत्पन्न होताच तिचे पालन ज्यांनी तत्क्षणी करावयाचे असते, त्या नळ्यांकडे, त्यांतील तेल गळून चाकाच्या ड्रमावर ओघळ उतरेपर्यंत, कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमच्या यवतमाळात या नळ्यांना पाइप म्हणतात. त्या ज्या जाड पायांत आतबाहेर सरकतात त्यांना बॉटम, दोन्ही पाइपांना वर आवळून धरणाऱ्या दोन पट्ट्यांना टी, आणि या सगळ्या समुदायाला मिळून शॉकअप. सायकलच्या काळातले वृद्ध गृहस्थ अजून चिमटा म्हणतात, आणि त्यांचेही काही अडत नाही.

माझे उभे आयुष्य भूमिअभिलेख खात्यात गेले. साखळी आणि फलक घेऊन मोजणीच्या निमित्ताने वणीपासून उमरखेडपर्यंत मी जिल्हा पालथा घातला, हद्दीचे दगड हुडकले, भावाभावांच्या तंट्यात पंचनामे लिहिले; आणि लांबी ही कधी एकटी येत नसते, ती आपल्याबरोबर एखादा कोन घेऊनच येते, ही गोष्ट, जी या खात्यातल्या उमेदवारालाही पहिल्याच हंगामात कळून चुकते, ती माझ्या अंगवळणी पडली. सेवानिवृत्तीनंतर आर्णी रस्त्यालगतच्या एका मिस्त्रींच्या दुकानापुढील बाकावर संध्याकाळ घालवण्याची सवय मला जडली तिचे मूळ बहुधा याच संस्कारात असावे. मिस्त्री मितभाषी आहेत. पान्याने जेवढे सांगता येईल तेवढे ते जिभेने सांगत नाहीत, आणि मला तर बोलणाऱ्यांचा कंटाळा आलेलाच आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घाटंजीकडचे एक शेतकरी आपली शंभर सीसीची, टाकीवरचा रंग उडालेली गाडी घेऊन तेथे आले आणि काही प्रस्तावना न करता म्हणाले, "मिस्त्री, हिचे शॉकअप दोन इंच लांब करून द्या. पांदणीनं जाऊच देत नाई गाडी."

"लांब कराले काय लागते भाऊ," मिस्त्री म्हणाले, "एका दिवसाचं काम हाय. पण आधी सांगा, गाडी अडते कुठं?"

"चिखलात."

"चिखलात तं सारंच अडते. चाक अडते का पोट अडते?"

या प्रश्नाचे उत्तर त्या गृहस्थांना लागलीच देता आले नाही, आणि ते का देता आले नाही हे समजण्यासाठी आमच्या मातीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याचा पुष्कळसा भाग बेसाल्टाच्या झिजेतून निपजलेल्या काळ्या मातीने व्यापलेला आहे. कापसाला, तुरीला आणि अलीकडे सोयाबीनला जिने पोसले त्या या मातीतील चिकणाचा अंश असा विलक्षण आहे की तो पाणी प्याला म्हणजे फुगतो आणि वैशाखात आकसून भूमीला पाऊल जाईल एवढ्या भेगा पाडतो. परिणामी तिच्यावर अंथरलेली सडक कधी स्वस्थ बसत नाही. ती एका ऋतूत उचलली जाते, दुसऱ्या ऋतूत खचते, आणि वरचा डांबराचा थर ही रोजची ओढाताण सोसता सोसता फाटून जातो. वणीकडे कोळशाच्या मालमोटारींचा भार त्यात भर घालतो, आणि पुसद-उमरखेडकडे डोंगरउताराचे पाणी. हे झाले सडकेचे. पांदण म्हणजे गावनकाशावर दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेली, वहिवाटीने सिद्ध झालेली आणि दोन्ही बाजूंच्या धुरेकऱ्यांनी नांगराच्या एकेका तासाने खात खात अरुंद केलेली अशी वाट, की जिच्याबद्दल तहसील कचेरीत अर्ज पडून असतात आणि जिच्यात आषाढात बैलही विचार करून पाऊल टाकतो.

अशा वाटेने दुचाकी जाऊ लागली की ती चिकण माती टायरला थरावर थर चिकटत जाते, टायर आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी भरून काढते, आणि थोड्याच अंतरात चाक असे घट्ट बसते की गाडी ढकलू म्हटले तरी पुढचे चाक फिरण्याऐवजी नांगराच्या फाळासारखे माती ओढीत जाते. मग स्वार उतरतो, तुराटीच्या काडीने ती माती उकरतो, दहा पावले जातो आणि पुन्हा उतरतो. या विवंचनेत सापडलेल्या मनुष्याला पुढचा भाग उंच हवा असे वाटणे स्वाभाविक आहे. मिस्त्रींनी मात्र खाली बसून टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आपली बोटे घालून दाखवली आणि मग तीच बोटे मडगार्डाच्या बोल्टांवर ठेवली. ते बोल्ट बॉटमला कसलेले होते. पाइप वरून कितीही लांब केले तरी मडगार्ड, बॉटम आणि चाक ही तिन्ही मंडळी एकमेकांशी जशीच्या तशी बांधलेली राहणार, त्यांच्यातली पोकळी केसभरही वाढणार नाही, आणि चिखल पूर्ववत अडकणार, हा बोध त्यांनी एक शब्दही न बोलता करून दिला. रोग एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्या ठिकाणी, असे मोजणीच्या दाव्यांत मी अनेकदा पाहिले आहे. यंत्राच्या बाबतीत ते इतके स्पष्ट प्रथमच पाहिले.

शेतकरी हुशार होते, पण हट्टीही होते. नाल्यातल्या दगडाला यंत्राचे पोट घासते, सायलेंसर आपटतो, तेव्हा उंची नकोच असे कसे म्हणता, असा त्यांचा प्रतिवाद होता, आणि तो निराधार नव्हता. फक्त त्यातला हिशेब निम्मा होता. मागचे चाक जागच्या जागी ठेवून पुढचे टोक दोन इंच उचलले तर मध्यावर असलेले यंत्र सुमारे एकच इंच वर येते. म्हणजे खर्च दोन इंचांचा आणि पदरात एक.

पुढचे शॉकअप लांब करण्याच्या ज्या रीती प्रचारात आहेत त्यांतील सर्वांत निरुपद्रवी रीत म्हणजे काहीही न कापता, न जोडता, टीच्या पट्ट्या सैल करून पाइप खाली सरकवणे. परंतु बहुतेक गाड्यांत पाइपाचे वरचे टोक वरच्या टीच्या सपाटीलाच असते, त्यामुळे खाली सरकवायला मुळात जागाच उरलेली नसते. दुसरी रीत मूळ पाइप काढून तितकेच जाड पण अधिक लांब पाइप बसवण्याची. ती सर्वोत्तम, पण असे पाइप आपल्या गाडीच्या मापाचे मिळतील तर. तिसरी रीत लेथवाल्याची. पाइपाच्या डोक्यावर जेथे बूच बसते त्या आट्यांतच पोलादाचा एक भरीव जोडतुकडा आवळून पाइप तेवढा वाढवायचा. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त योत-लोहारा अशा जोडनावाने ज्या महालाची नोंद आहे त्यातले लोहारा आज यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीचे ठिकाण आहे, आणि तेथल्या लेथांवर असा तुकडा कातून घेणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे तो जोड कोठे ठेवावा याचा विवेक. पुढचा ब्रेक दाबला असता पाइपाला वाकवणारे सर्वाधिक बळ नेमके खालच्या टीच्या कडेशी एकवटते. म्हणून जोड दोन टींच्या मधल्या सुरक्षित अंतरात, खालच्या टीच्या वर, राहिला पाहिजे, आणि म्हणून अशा जोडतुकड्याच्या लांबीला ते अंतरच मर्यादा घालते. जे लोक पाइप मध्येच कापून वेल्डिंगने लांबवतात, त्यांच्याविषयी मिस्त्री काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. वेल्डिंगच्या आचेने पोलादाचा कस जातो, वरचे क्रोम सोलून निघते, आणि तो सांधा एखाद्या दिवशी, पूर्वसूचना न देता, वेगात असताना सुटतो.

एवढ्यावर काम संपले असे समजणाऱ्याचे काम तेथूनच सुरू होते. पाइपाच्या आत स्प्रिंग असते आणि ती वरच्या बुचाला टेकलेली असते; बूच दोन इंच वर गेले की स्प्रिंग सैल पडते, म्हणून तिच्या डोक्यावर तितक्याच लांबीची नळी घालावी लागते. आत तेल असते, आणि तेलाच्या वर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. पोकळी वाढली म्हणजे ती हवा मवाळ होते, म्हणून तेलाची पातळी नव्याने बांधावी लागते. पुढच्या ब्रेकची आणि वेगमापकाची तार अपुरी पडते. दिव्याचे तोंड वर होते. दोन अंशांचा तो फरक जवळून जाणवतही नाही, पण पन्नास मीटरांवर प्रकाश पावणेदोन मीटर वर गेलेला असतो, म्हणजे रस्ता अंधारात आणि कडुनिंबाच्या फांद्या उजेडात. बाजूचा स्टँड आखूड पडून गाडी डावीकडे अधिक झुकते व मऊ जमिनीत लवंडते. असा हा परिवार आहे; त्यातल्या एकाला हलवले की सगळे उठून उभे राहतात.

आणि कोन. सारी गोम तेथे आहे, म्हणून वाचकाने थोडा धीर धरावा. हँडल ज्या कण्याभोवती फिरते त्याची रेषा मनाने वाढवून जमिनीला भिडवली, तर ती टायर जेथे जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या काहीशी पुढे पडते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला तंत्रज्ञ ट्रेल म्हणतात, आणि गाडी हात सोडूनही सरळ का धावते, वळताना किती हट्ट करते, खड्ड्यातून निघताना हँडल झटकते की नाही, हे पुष्कळ अंशी त्या चार बोटांच्या अंतरावर अवलंबून असते. समजा, चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आहे, कण्याचा कल उभ्या रेषेपासून २६ अंश आहे, आणि चाकाचा आस त्या कण्याच्या रेषेपुढे ४० मिलिमीटर बसवलेला आहे. त्रिकोणमितीच्या साध्या हिशेबाने ट्रेल १०२ मिलिमीटरांच्या आसपास येते. आता दोन्ही आसांमध्ये १२५० मिलिमीटर अंतर असलेल्या या गाडीचे पाइप ५० मिलिमीटर, म्हणजे आमच्या शेतकऱ्याचे दोन इंच, लांब केले, तर पुढचा भाग पंचेचाळीस मिलिमीटर उचलला जातो, सारी चौकट मागच्या आसाभोवती दोन अंशांनी मागे रेलते, कल २८ अंशांचा होतो आणि ट्रेल ११४वर जाते. मागितली होती उंची, मिळाला कोन. हा हिशेब मी घरी कागदावर मांडला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने मिस्त्रींना दाखवला. त्यांनी कागद हातात न घेताच सांगितले, "वर घेतलं का मंग थे तुमचं आयकत नाई साहेब. हळू चालवलं तं हँडल आपल्या मनानं पडते." माझे बारा मिलिमीटर त्यांच्या मनगटाला आधीच ठाऊक होते.

हँडल पडते याचा अर्थ असा की मंद गतीत चाक जरा वळवताच पुढच्या भागाचे वजन त्याला अधिकच वळवू पाहते. भरधाव सरळ रस्त्यावर हीच गाडी अतिशय स्थिर वाटते, आणि म्हणून लांब पायांच्या गाडीवर लांब रस्त्याच्या देशातील लोक लुब्ध झाले असावेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी परतलेल्या सैनिकांनी जड मोटारसायकलींचे अनावश्यक भाग उतरवून टाकण्यास आरंभ केला, पुढे कॅलिफोर्नियात हौशी कारागिरांनी शॉकअप लांबवण्याची अहमहमिका चालवली, आणि १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ते रूप जगभर नेले. त्या चित्रपटातल्या गाड्या घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांचा प्रमुख वाटा होता, परंतु कीर्ती नटांच्या वाट्याला आली आणि त्या दोघांची नावे लोकांपर्यंत पोहोचण्यास कित्येक वर्षे जावी लागली. असो, कारागिराचे नाव पाटीवर नसणे ही काही एकट्या अमेरिकेची रीत नव्हे. सांगायचे ते हे की त्या जाणत्या कारागिरांनी नुसते पाइप लांबवले नाहीत. चौकटीची मान कापून, ती नव्या कोनात पुन्हा जोडून, त्यांनी सबंध गाडीची रचना बदलली, जेणेकरून पाय लांब होऊनही धड आडवे राहावे. तरीही आमच्या वरच्याच हिशेबात कल ४० अंशांवर नेला तर ट्रेल २०० मिलिमीटरांच्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट; अशी गाडी सरळ जाण्यातच धन्यता मानते आणि आमच्या दत्त चौकासारख्या ठिकाणी तिला वळवणे हा सार्वजनिक प्रसंग होतो. आमच्याकडची काही पोरे चौकटीला हात न लावता केवळ पाइप लांबवून हा थाट साधू पाहतात, तेव्हा गाडीचे नाक आकाशाकडे, स्वार मागे रेललेला, आणि मागे ओझे जास्त झालेली बंडी जशी उलाळ होऊन जू बैलांच्या मानेवरून उचलते तशी तिची गत होते. मला या पोरांचा राग येत नाही. हौसेला उपयोगाचे कुलूप लावावे अशा मताचा मी कधीच नव्हतो. फक्त हौसेने ब्रेक लागत नाही, एवढे त्यांच्या बापांनी त्यांना सांगावे.

खरे पाहता या दोन सरकत्या नळ्यांची पद्धतच काही फार प्राचीन नाही. पूर्वी पुढच्या चाकाला दांड्यांचा सांगाडा आणि मध्ये एक उघडी स्प्रिंग असे. १९३४ साली डेन्मार्कच्या निंबस गाडीने सरकत्या नळ्या आणल्या, आणि १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आर १२ व आर १७ या गाड्यांत त्या नळ्यांच्या आत तेलाचा अवरोध घातला, तेव्हापासून ही रचना सर्वमान्य होत गेली. १९५५पासून मद्रासेत जुळवली जाऊ लागलेली बुलेट याच जातीची. परंतु आमच्या भागात ज्या गाडीने दुधाचे कॅन, गुरांचे डॉक्टर आणि लग्नाच्या सुपाऱ्या वाहिल्या ती राजदूत, पोलंडमधल्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर फरिदाबादला एस्कॉर्ट्स कंपनीने घडवलेली, तिच्या जुन्या रूपात वेगळ्याच घराण्यातली होती. तिच्या पुढच्या चाकाला सरकत्या नळ्यांऐवजी पुढे आलेले आडवे हात होते व त्या हातांना आखूड शॉकअपांचा टेकू होता. ब्रेक दाबल्यावर नाक खाली घालण्याची सवय तिला नव्हती. त्या गाडीचा पुढचा भाग कुरूप होता हे मी मान्य करतो. परंतु तिच्यावर बसून ज्यांनी नाले ओलांडले त्यांना सौंदर्याचा विचार करण्याइतकी उसंत नव्हती. पुढे काळाबरोबर तिनेही सरकत्या नळ्या पत्करल्या, आणि मला वाटते की कर्तृत्वापेक्षा चेहऱ्याच्या भिडेने घेतलेल्या निर्णयांपैकी तो एक असावा. अर्थात हे माझे खासगी मत आहे.

एवढा उलगडा झाल्यावर सरकारचे म्हणणे काय, हेही नमूद करणे प्राप्त आहे, विशेषतः माझ्यासारख्या सरकारी दप्तरात केस पिकवलेल्या इसमाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम ५२ असे सांगते की उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगती उत्पन्न होईल असा फेरफार वाहनात करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारागणिक ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तजवीज केली. अपंग व्यक्तीसाठी वाहनात अनुकूल बदल करण्यास मात्र कायद्याने वाट मोकळी ठेवलेली आहे, आणि ते योग्यच झाले. आता मौज पाहावी. नोंदणीच्या कागदात दोन्ही आसांमधील अंतराचा रकाना असतो. शॉकअप दोन इंच लांब केले की ते अंतर वीस-बावीस मिलिमीटरांनी वाढते, म्हणजे गाडी तिच्याच कागदाशी खोटे बोलू लागते. एमएच-२९ची पाटी लावून फिरणाऱ्या गाड्यांचे आसांतर फूटपट्टी घेऊन कोणी मोजत बसेल असे नव्हे, परंतु अपघात होऊन विम्याचा दावा रुजू झाला म्हणजे हाच रकाना बोलका होतो. ज्या खात्यात मी राहिलो तेथेही असेच असे. वर्षानुवर्षे कोणी नकाशा उघडत नसे, आणि उघडला की मग त्यातली प्रत्येक रेघ साक्षीला उभी राही.

घाटंजीच्या गृहस्थांचे काय झाले ते सांगायचे राहिले. मिस्त्रींनी त्यांचे शॉकअप लांब केले नाहीत. त्यांनी जुने मडगार्ड बॉटमवरून उतरवले, आणि रानावनात फिरणाऱ्या गाड्यांना असते तसे प्लास्टिकचे उंच मडगार्ड खालच्या टीखाली बसवले, म्हणजे टायरच्या वर आता ओंजळभर मोकळी जागा झाली. मला वाटले, काम आटोपले. परंतु त्यांनी एक जाड लोखंडी पट्टी कमानीसारखी वाकवून दोन्ही बॉटमना मागच्या अंगाने जोडली, आणि मी विचारले तेव्हा म्हणाले की जुने मडगार्ड नुसते चिखल अडवत नव्हते, ते दोन्ही पायांना एकमेकांशी बांधून ठेवत होते. ते काढले आणि कमान दिली नाही, तर खड्ड्यात एक पाय एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे जाईल. ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती, यद्यपि ती पुस्तकात असणार यात शंका नाही. पाइपांत नवे तेल घातले, स्प्रिंगा थकल्या होत्या त्या बदलल्या, आणि केवळ एवढ्यानेच बसकण मारलेला पुढचा भाग बोटभर वर आला; तो उंचीचा वाटा कोणत्याही कलमाखाली न येता परत मिळाला होता. पोटाखाली मिस्त्रींनी पत्र्याची एक ढाल ठोकली व नाल्यातल्या दगडांचा प्रश्न तिच्यावर सोपवला. शेतकऱ्यांनी पैशांवरून थोडी घासाघीस केली, ती रीतीप्रमाणे झाली.

याच्या उलट मामलाही दुकानी येतो, आणि तो जास्त नाजूक असतो. उंचीने लहान असलेल्या एक आरोग्यसेविका, ज्यांना रोज चार गावे करावी लागतात, गाडी खाली करून घेण्यासाठी आल्या होत्या. आखूड करणे दिसायला सोपे असते. टी सैल करून पाइप वर सरकवले की झाले. पण तेव्हा कल घटतो, ट्रेल घटते, हँडल चपळ व उतावीळ होते, खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबला तर टायर किंवा मडगार्ड खालच्या टीवर आदळण्याचा संभव निर्माण होतो, आणि स्टँडवर गाडी इतकी उभी राहते की वाऱ्याच्या झुळकेने उजवीकडे पडावी. कोणी स्प्रिंगच कापतात. कापलेली स्प्रिंग आखूड होते खरी, पण वेटोळी कमी झाल्यामुळे ती अधिक ताठही होते, आणि हलक्या वजनाच्या स्वाराला नेमके तेच नको असते. मिस्त्रींनी पाइप अगदी थोडे वर घेतले, मागचेही त्याच प्रमाणात उतरवले म्हणजे कोन फारसा ढळू नये, आणि उरलेली उंची सीटचा फोम कापून काढली. "ताई, पाय टेकले ना? आता एक चक्कर मारून या," एवढेच ते म्हणाले. त्या चक्कर मारून आल्या आणि सीट टणक झाल्याची तक्रार करून, पैसे देऊन, पुढच्या गावाला निघून गेल्या.

अलीकडे कारखान्यांनीच लांब पायांच्या गाड्या आणल्या आहेत. २०१६ साली रॉयल एनफील्डची हिमालयन आली, तिच्या पुढच्या चाकाला २०० मिलिमीटर वरखाली होण्याची मुभा. २०१९ साली हीरोची एक्सपल्स आली, तिला १९० मिलिमीटर. त्यांत कल, आस, चौकट, मागचा टेकू, मडगार्डाची जागा हे सारे आरेखनाच्या कागदावरच एकमेकांशी बोलून ठरलेले असते, आणि त्यामुळे जे लेथवर होत नाही ते त्यांत झालेले असते. अशी एक नवी कोरी एक्सपल्स परवा कळंबहून एक तरुण घेऊन आला. त्याचे वावर पांदणीच्या शेवटाला होते, गाडी चिखलातून दगडातून निघत होती, त्याची काही म्हणता काही तक्रार नव्हती. फक्त सीट जमिनीपासून ८२३ मिलिमीटर उंच, आणि मागे फवारणीचा पंप बांधला की थांबताना त्याचा पाय पुरत नव्हता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "हिचे शॉकअप दोन इंच कमी करून द्या."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, आणि मग त्याला विचारले, "अडते कुठं?"